बोर्डावरच्या कंटेनरमध्ये व्हेंडरचा पॅकेज रेपो जोडताना

बोर्डावर, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या एका पाटीच्या छोट्या संगणकावर, सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. कॅमेरा उघडतो, जीपीयू कामाला लागतो, बोर्डाच्या कंपनीची लायब्ररी एका आज्ञेत बसते. मग तोच प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररींसह चालणाऱ्या बंद डब्यात, न्यायचा म्हणून तुम्ही डेबियन लिनक्सची कोरी इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, घेता, तीच आज्ञा देता, आणि उत्तर येतं: 'अनेबल टु लोकेट पॅकेज'.

कारण साधं आहे. होस्टवर, म्हणजे बोर्डावर बसवलेल्या लिनक्समध्ये, कंपनीने, म्हणजे व्हेंडरने, स्वतःच्या रेपोचा, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्याचा, पत्ता आधीच लिहून ठेवलेला असतो. कंटेनरला त्यातलं काही माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त डेबियनची किंवा उबुंटूची यादी असते. तेव्हा तो पत्ता कंटेनरमध्येही लिहायचा. काम मोजक्या ओळींचं आहे, पण त्या ओळी कोणत्या हे ठरवण्यातच बहुतेक नवे लोक अडकतात. रेपो जोडला जातो, पॅकेजही बसतं, आणि प्रोग्राम सुरू होताच कोसळतो. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा जुळवणीवर जास्त भर आहे. जुळवणी बरोबर असेल तर जोडणीला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा, फाइलींची नावं आणि पत्ते इथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते सगळं रोमन अक्षरांत टाइप करायचं. उदाहरणं डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) आणि एपीटी (डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसवणारं साधन) यांची आहेत, कारण रास्पबेरी पाय आणि एनव्हिडियाचे जेटसन या दोन्ही घराण्यांत हीच जोडी चालते.

कंटेनरच्या आत काय जातं, बाहेर काय राहतं

कंटेनर म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. त्याच्या आत स्वतःच्या लायब्ररी असतात, स्वतःचं शेल असतं, स्वतःचं एपीटी असतं. पण कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, एकच, तो होस्टचा. साध्या संगणकावर या गोष्टीचा फारसा विचार करावा लागत नाही. बोर्डावर मात्र करावाच लागतो, कारण व्हेंडरच्या रेपोत दोन जातीची पॅकेजं एकत्र नांदतात.

पहिली जात कर्नल, कर्नल मॉड्यूल, फर्मवेअर, बूटलोडर आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) यांची. ही होस्टची मालमत्ता. कंटेनरमध्ये ती बसवून काहीच साधत नाही, उलट इमेज फुगते आणि पॅकेज बसताना चालणाऱ्या स्क्रिप्ट बूटलोडरला हात घालायला जातात. दुसरी जात यूजरस्पेस, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या, लायब्ररींची: कॅमेऱ्याची लायब्ररी, व्हिडिओ एन्कोडरचे प्लगइन, जीपीयूच्या लायब्ररी, पायथनची मॉड्यूल्स. कंटेनरमध्ये हव्यात त्या याच.

गुंता असा की दुसऱ्या जातीतलं पॅकेज पहिल्या जातीशी बोलत असतं. जीपीयूची लायब्ररी कर्नलमधल्या ड्रायव्हरशी बोलते, आणि दोघांची आवृत्ती जुळलेली असेल असं ती गृहीत धरते. कंटेनरमधली लायब्ररी नवी आणि होस्टचा ड्रायव्हर जुना असेल, तर एपीटीला त्यात काही वावगं दिसत नाही. एपीटी फक्त कंटेनरच्या आतल्या अवलंबनांचा हिशेब करतं, बाहेरचा कर्नल त्याच्या हिशेबातच नसतो. तो हिशेब तुम्हालाच करावा लागतो.

युडेव्हच्या, म्हणजे उपकरणांच्या फाइली आणि परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेच्या, नियमांचंही असंच. बरीच व्हेंडर पॅकेजं उपकरणांच्या परवानग्यांसाठी नियमांची फाइल टाकतात. कंटेनरमध्ये युडेव्ह चालत नसल्याने ती फाइल तिथे नुसती पडून राहते. उपकरणाची परवानगी होस्टवरच ठरते. सर्व्हिसचंही तेच: डेबियनच्या डॉकर इमेजमध्ये पॅकेज बसताना सर्व्हिस सुरू होऊ नये अशीच व्यवस्था केलेली असते.

तीन नोंदी, कागदावर

काहीही टाइप करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. मी अजूनही प्रत्येक नव्या बोर्डासाठी हे करतो.

पहिली नोंद: होस्टवरची व्हेंडरची आवृत्ती. जेटसनवर ईटीसी फोल्डरमध्ये 'एनव्ही टेग्रा रिलीज' नावाची फाइल असते. ती कॅट करून बघितली की सुरुवातीलाच आर32, आर35 किंवा आर36 असं दिसतं आणि पुढे रिव्हिजन. जेटपॅक हा एनव्हिडियाचा जेटसनसाठीचा सॉफ्टवेअर संच: आर32 म्हणजे जेटपॅक 4 आणि उबुंटू 18.04, आर35 म्हणजे जेटपॅक 5 आणि उबुंटू 20.04, आर36 म्हणजे जेटपॅक 6 आणि उबुंटू 22.04. नुसत्या बोर्डाच्या नावावरून हे ठरवू नका. मूळ जेटसन नॅनो जेटपॅक 4 वरच थांबला आणि जेटपॅक 6 फक्त ओरिन घराण्यावर चालतं, तेवढं नावावरून कळतं. पण झेवियर आर32 वरही असू शकतो आणि आर35 वरही. फाइल वाचा, अंदाज करू नका.

रास्पबेरी पायवर ईटीसीतली 'ओएस-रिलीज' फाइल बघा. बुलसाय म्हणजे डेबियन 11, बुकवर्म म्हणजे डेबियन 12, ट्रिक्सी म्हणजे डेबियन 13. व्हेंडरच्या रेपोत हीच नावं विभाग म्हणून वापरलेली आहेत.

दुसरी नोंद: कंटेनरच्या इमेजमधली डिस्ट्रो, म्हणजे डेबियन की उबुंटू, आणि तिची आवृत्ती. तीच 'ओएस-रिलीज' फाइल, पण या वेळी कंटेनरच्या आत उघडलेली. होस्ट बुकवर्म आणि इमेज ट्रिक्सी असेल तर दोन्ही कागदावर वेगवेगळं लिहा.

तिसरी नोंद: आर्किटेक्चर. इथे 'युनेम'वर विसंबू नका, ते फक्त कर्नलबद्दल सांगतं. रास्पबेरी पाय 4 वर 32 बिटांची ओएस असली तरी कर्नल 64 बिटांचा असू शकतो. मग युनेम 'एआर्च64' म्हणतं आणि पॅकेजं मात्र सगळी 'आर्महार्डफ्लोट', म्हणजे आर्मएचएफ असतात. 'डीपीकेजी'ला 'प्रिंट-आर्किटेक्चर' हा पर्याय देऊन विचारा, होस्टवर एकदा आणि कंटेनरमध्ये एकदा. रेपोच्या दृष्टीने कंटेनरमधलं उत्तर ग्राह्य धरायचं.

आर्मएचएफबद्दल आणखी एक बारकावा आहे, आणि तो ठाऊक नसेल तर अख्खा दिवस जातो. डेबियनचं आर्मएचएफ एआरएमव्ही7 पासून पुढच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं असतं. रास्पबेरी पाय 1, पाय झीरो आणि झीरो डब्ल्यू यांचा प्रोसेसर एआरएमव्ही6 आहे. रास्पबेरी पायची 32 बिटांची ओएस त्यांच्यासाठी वेगळी बांधली जाते, पण नाव तेच, आर्मएचएफ. त्यामुळे पाय झीरोवर डेबियनची आर्मएचएफ इमेज उतरते, आणि आतली पहिलीच आज्ञा 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरते. तिथे रेपो बदलून उपयोग नाही, इमेजच बदलावी लागते.

आता या तीन नोंदी एकमेकांशी ताडून बघा. रेपोची निवड करताना डिस्ट्रोचा विभाग कंटेनरशी जुळला पाहिजे, आर्किटेक्चर कंटेनरशी जुळलं पाहिजे, आणि व्हेंडरची आवृत्ती होस्टशी जुळली पाहिजे. तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होत नसतील तर इमेज चुकीची निवडली आहे. मी स्वतः एकदा ही तिसरी अट सोडून दिली होती. होस्ट एका आवृत्तीचा, आणि कंटेनरमध्ये रेपो त्याच्या पुढच्या आवृत्तीचा, कारण त्यात हवी ती लायब्ररी नवी होती. सगळं विनातक्रार बसलं. व्हिडिओ मात्र काही सेकंदांत थिजायचा, आणि मी आठवडाभर माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होतो.

इमेज निवडताना दोन पथ्यं पाळा. डेबियनसाठी बांधलेला रेपो उबुंटूच्या इमेजमध्ये जोडू नका. दोन्हीकडे एपीटी असलं तरी लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. आणि अल्पाइन या लिनक्सच्या इमेजचा मोह टाळा. ती इमेज छोटी असते खरी, पण तिची सी लायब्ररी मसल आहे आणि व्हेंडरच्या बायनरी ग्लिबसी या डेबियन-उबुंटूच्या सी लायब्ररीसाठी बांधलेल्या असतात.

पत्ता होस्टकडूनच उतरवून घ्या

इंटरनेटवर शोधलेली ओळ चिकटवण्यापेक्षा होस्टवर कंपनीने काय लिहिलं आहे ते बघणं केव्हाही चांगलं. ईटीसीच्या आत एपीटीचं फोल्डर, त्यात 'सोर्सेस.लिस्ट.डी'. तिथे फाइलींची विस्तारनामं दोन प्रकारची दिसतील. 'लिस्ट' असेल तर जुनी एका ओळीची पद्धत, 'सोर्सेस' असेल तर नवी परिच्छेदाची पद्धत.

जेटसनवर तिथे एल4टीच्या (एनव्हिडियाच्या जेटसनसाठीच्या लिनक्सच्या) नावाची फाइल असते. तिच्यात एक ओळ 'कॉमन' या सामायिक भागाची आणि एक ओळ तुमच्या चिपच्या भागाची. चिपचा क्रमांक टी210 असेल तर नॅनो किंवा टीएक्स1, टी186 म्हणजे टीएक्स2, टी194 म्हणजे झेवियर, टी234 म्हणजे ओरिन. दोन्ही ओळींत आर35 किंवा आर36 आणि त्यापुढचा उपक्रमांक असतो. कंटेनरमध्ये जायचा आहे तोच उपक्रमांक, अक्षरशः तसाच.

64 बिटांच्या रास्पबेरी पाय ओएसवर ही फाइल वाचली की एक छान गोष्ट लक्षात येते. तिथली बहुतेक पॅकेजं थेट डेबियनच्या सर्व्हरवरून येतात, आणि त्यावर रास्पबेरी पायच्या 'आर्काइव्ह' रेपोचा एक थर असतो. म्हणजे डेबियनच्या एआरएम64 इमेजमध्ये तो एक रेपो जोडला, की तुम्ही ओएसची मूळ घडणच कंटेनरमध्ये पुन्हा उभी केलीत. म्हणूनच नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं मला वाटतं.

पत्त्याबरोबर सहीची की, म्हणजे रेपो खरोखर कंपनीचाच आहे हे तपासण्याची किल्ली, लागते. जेटसनवर ती एपीटीच्या 'ट्रस्टेड.जीपीजी.डी' फोल्डरमध्ये मिळते. रास्पबेरी पायवर ती कुठे ठेवली आहे ते सोर्सेस फाइलमधल्या 'साइन्ड-बाय'च्या ओळीतच लिहिलेलं असतं, आणि ती ओळ नसेल तर जेटसनवरचंच फोल्डर बघा. दोन्ही फाइली, पत्त्याची आणि कीची, तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करा.

की होस्टवरून घेण्यात एक फायदा आहे. बिल्ड, म्हणजे इमेज बांधणं, चालू असताना कीसाठी नेटवर्कवर जावं लागत नाही, आणि प्रत्येक बिल्डला तीच की वापरली जाते. जीपीजीच्या 'शो-कीज' पर्यायाने तिचा फिंगरप्रिंट एकदा वाचा आणि व्हेंडरच्या अधिकृत दस्तऐवजात तो छापलेला असेल तर ताडून घ्या. मग की गिटमध्ये टाका. ती सार्वजनिक की आहे, गिटमध्ये असण्यात काही धोका नाही.

आधी हाताने करून बघा

थेट डॉकरफाइल, म्हणजे इमेज बांधण्याच्या सूचनांची फाइल, लिहायला बसू नका. एक तात्पुरता कंटेनर उघडा: 'डॉकर रन', सोबत 'आरएम', 'आय' आणि 'टी' हे पर्याय, प्रोजेक्टचं फोल्डर आत जोडलेलं, आणि शेवटी इमेजचं नाव आणि बॅश. यात काही बिघडलं तरी बाहेर पडताच सगळं पुसलं जातं.

आत गेल्यावर पहिलं काम 'एपीटी-गेट अपडेट', आणि लगेच 'सीए-सर्टिफिकेट्स' हे पॅकेज बसवणं. छोट्या इमेजमध्ये ते नसतं, आणि व्हेंडरचा पत्ता एचटीटीपीएसचा असेल तर त्याच्याशिवाय 'सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल्ड' हे उत्तर ठरलेलं. डेबियनचे स्वतःचे पत्ते इमेजमध्ये साध्या एचटीटीपीवर असतात, म्हणून ही अडचण नेमकी दुसरा रेपो जोडताना उगवते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हे पॅकेज, मग नवा रेपो. उलटं केलंत तर पुढची प्रत्येक अपडेट त्या रेपोपाशी अडखळेल.

मग की. ती ठेवण्याची योग्य जागा म्हणजे ईटीसी, एपीटी, 'कीरिंग्स'. जुन्या इमेजमध्ये हे फोल्डर नसतं, स्वतः बनवा. विस्तारनामाकडे लक्ष द्या. की मजकुराच्या रूपात असेल, म्हणजे उघडल्यावर 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक' असं वाचता येत असेल, तर विस्तारनाम 'एएससी'. बायनरी असेल तर 'जीपीजी'. एपीटी विस्तारनाम बघूनच वाचायचं कसं हे ठरवतं, चुकीचं असेल तर की बाजूला सारतं. परवानगी 644 ठेवा, कारण सही तपासण्याचं काम एपीटी 'अंडरस्कोर एपीटी' नावाच्या कमी अधिकारांच्या यूजरकडून करून घेतं. त्याला फाइल वाचता आली नाही तर की असूनही नसल्यासारखी.

बऱ्याच जुन्या लेखांत 'एपीटी-की ॲड' ही आज्ञा दिसेल. ती वापरू नका. त्या पद्धतीत टाकलेली की सगळ्याच रेपोंसाठी विश्वासाची ठरते, म्हणजे बोर्डाच्या कंपनीची की डेबियनच्या नावाने आलेल्या पॅकेजवरही चालून जाते. ती आज्ञा मोडीत निघाली आहे आणि नव्या आवृत्त्यांत मिळणारही नाही.

आता सोर्सेस फाइल. 'सोर्सेस.लिस्ट.डी'मध्ये एक नवी फाइल, विस्तारनाम 'सोर्सेस'. त्यात सहा ओळी. 'टाइप्स' पुढे 'डेब'. 'यूआरआयज' पुढे रेपोचा पत्ता. 'सूट्स' पुढे विभाग: रास्पबेरी पायसाठी बुकवर्म किंवा ट्रिक्सी, जेटसनसाठी आर आणि क्रमांक. 'कंपोनंट्स' पुढे 'मेन'. 'आर्किटेक्चर्स' पुढे तुमची तिसरी नोंद. आणि 'साइन्ड-बाय' पुढे कीच्या फाइलचा पूर्ण पत्ता. ही शेवटची ओळ त्या कीचा अधिकार फक्त या रेपोपुरता बांधते. जेटसनच्या दोन भागांसाठी दोन परिच्छेद लिहा, मध्ये एक रिकामी ओळ सोडून.

पुन्हा 'एपीटी-गेट अपडेट'. आता उत्तर ओळीओळीने वाचा. व्हेंडरच्या पत्त्यापुढे 'गेट' आणि शेवटी एकही 'डब्ल्यू' किंवा 'ई'ने सुरू होणारी ओळ नाही, असं हवं. वॉर्निंग दिसूनही पुढे जाण्याची सवय लागली असेल तर इथे ती मोडा.

त्यानंतर 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि हव्या त्या पॅकेजचं नाव. ही आज्ञा माझ्या मते सगळ्यांत उपयोगी, आणि नवे लोक ती सगळ्यांत कमी वापरतात. कोणत्या रेपोत कोणती आवृत्ती आहे, आणि त्यातली कोणती निवडली जाणार आहे, दोन्ही ती दाखवते. रास्पबेरी पायच्या पॅकेजच्या आवृत्तीत 'प्लस आरपीटी' अशी शेपटी असते. 'कँडिडेट'च्या ओळीत ती दिसली की योग्य ठिकाणाहून येतंय.

बसवताना आधी 'सिम्युलेट' पर्याय देऊन बघा. काय काय येणार त्याची यादी मिळते, प्रत्यक्षात काही बसत नाही. त्या यादीत कर्नल, फर्मवेअर किंवा बूटलोडरचं नाव दिसलं तर थांबा. 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून पुन्हा बघा, बहुतेक वेळा ती नावं गळून पडतात.

डॉकरफाइलमध्ये उतरवताना

हाताने जे चाललं ते त्याच क्रमाने लिहायचं. पहिल्या 'रन' सूचनेत अपडेट आणि सीए-सर्टिफिकेट्स. मग 'कॉपी' सूचनेने की आणि सोर्सेस फाइल आत. मग दुसरा रन: अपडेट, इन्स्टॉल आणि यादी पुसणं, तिन्ही एकाच ओळीत, दोन अँपरसँडनी जोडलेलं.

अपडेट आणि इन्स्टॉल वेगळ्या रनमध्ये कधीच लिहू नका. डॉकर प्रत्येक रनचा निकाल जपून ठेवतो. महिन्याने तुम्ही इन्स्टॉलच्या ओळीत एक नाव वाढवलंत की अपडेटची ओळ बदललेली नसल्याने डॉकर जुनीच यादी वापरतो. दरम्यान व्हेंडरने जुनी फाइल हटवून नवी ठेवलेली असते, आणि तुम्हाला '404 नॉट फाउंड' मिळतं. रेपो बंद पडला असं वाटतं, पण तो चालू असतो. तुमची यादी शिळी असते.

यादी पुसणं म्हणजे व्हार, लिब, एपीटी, 'लिस्ट्स' या फोल्डरमधला मजकूर काढणं. डाउनलोड झालेल्या डेब फाइली अधिकृत डेबियन आणि उबुंटू इमेज स्वतःच काढून टाकतात. साठवणुकीची जागा मोजकी असलेल्या बोर्डावर हे मेगाबाइट खरोखर मोलाचे असतात.

इन्स्टॉलच्या ओळीत महत्त्वाच्या पॅकेजपुढे बरोबरचं चिन्ह देऊन नेमकी आवृत्ती लिहा. सगळ्यांपुढे नको, फक्त जी लायब्ररी कर्नलच्या ड्रायव्हरशी बोलते तिच्यापुढे. व्हेंडरने ती आवृत्ती काढून टाकली तर बिल्ड तिथेच अडेल, आणि ते बरंच आहे. न सांगता नवी आवृत्ती घुसण्यापेक्षा बिल्ड अडलेलं चांगलं.

बिल्ड बोर्डावर हळू होत असेल तर मोठ्या संगणकावर डॉकरचं बिल्डएक्स आणि दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं क्यूईएमयू यांच्या मदतीने एआरएम64 साठी करता येतं, 'प्लॅटफॉर्म' पर्याय देऊन. रेपोची जोडणी त्यात तशीच राहते. फक्त बोर्डाची ओळख विचारणारी पॅकेजं तिथे रुसतात, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

व्हेंडरला किती मोकळीक द्यायची

रेपो जोडला की त्यातलं प्रत्येक पॅकेज डेबियनच्या पॅकेजशी बरोबरीने स्पर्धेत उतरतं. दोघांचं मूळ प्राधान्य 500, त्यामुळे ज्याची आवृत्ती मोठी ते जिंकतं. 'प्लस आरपीटी' शेपटीमुळे व्हेंडरचं पॅकेज एका पायरीने मोठं ठरतं. तुम्हाला फक्त कॅमेऱ्याची लायब्ररी हवी होती, आणि सोबत आणखी दहा पॅकेजं बदलली जातात.

हे आवरायला ईटीसी, एपीटी, 'प्रेफरन्सेस.डी'मध्ये एक फाइल. पहिल्या परिच्छेदात 'पॅकेज' पुढे तारका, 'पिन' पुढे 'ओरिजिन' आणि रेपोच्या सर्व्हरचं नाव, 'पिन-प्रायॉरिटी' पुढे 100. दुसऱ्या परिच्छेदात फक्त हव्या त्या पॅकेजांची नावं, तोच ओरिजिन, आणि प्राधान्य 600. आता तुम्ही नावं घेतलेली पॅकेजं व्हेंडरकडून येतील, आणि दोन्हीकडे असलेली बाकीची डेबियनकडून. व्हेंडरच्या पॅकेजला त्याच रेपोतली दुसरी लायब्ररी नेमक्या आवृत्तीत हवी असेल तर एपीटी 'अनमेट डिपेंडन्सीज' म्हणून अडेल. तिचंही नाव दुसऱ्या परिच्छेदात वाढवा. दोन-तीन फेऱ्यांत यादी पूर्ण होते.

प्राधान्य 1000 किंवा त्याच्या वर मुळीच नेऊ नका. तिथून पुढे एपीटी आवृत्ती मागे न्यायलाही तयार होतं. याउलट उणे आकडा दिला तर ते पॅकेज कधीच बसत नाही. कर्नल आणि फर्मवेअरच्या नावांना तोच द्या, आणि निश्चिंत व्हा.

जेटसनच्या दोन अडचणी

पहिली अडचण जेटपॅक 4 वाल्यांची. तिथे कूडा, सीयूडीएनएन आणि टेन्सरआरटी या जीपीयूवर गणित चालवणाऱ्या लायब्ररी कंटेनरच्या आत नसतातच. एनव्हिडियाचा कंटेनर रनटाइम सुरू होताना होस्टवरच्या फाइली आत जोडतो, आणि कोणत्या जोडायच्या याच्या सीएसव्ही याद्या होस्टवर असतात. त्यामुळे आर32 च्या कंटेनरमध्ये रेपो जोडून कूडा बसवायला गेलात तर एकाच जागी दोन मालक होतात. तिथे रेपो बाकीच्या पॅकेजांसाठी वापरा. बिल्ड करतानाच कूडा लागत असेल तर डॉकरच्या डीमनच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट रनटाइम एनव्हिडियाचा करा. जेटपॅक 5 पासून ही पद्धत बदलली: कूडा आणि सोबती कंटेनरच्या आत असतात, आणि ड्रायव्हरशी बांधलेल्या लायब्ररीच तेवढ्या बाहेरून येतात. तिथे रेपोतून कूडा बसवणं हाच सरळ मार्ग आहे.

दुसरी अडचण 'एनव्हिडिया-एल4टी-कोअर' या पॅकेजची. बसण्याआधी चालणारी त्याची स्क्रिप्ट आपण खरंच जेटसनवर आहोत का हे तपासते, आणि त्यासाठी डिव्हाइस ट्रीमधली बोर्डाची ओळख वाचते. डॉकर सिस फोल्डरमधला 'फर्मवेअर' हा भाग कंटेनरपासून मुद्दाम झाकून ठेवतो, आणि डिव्हाइस ट्री तिथेच असते. म्हणून खऱ्या जेटसनवर बिल्ड करूनही तपासणी फसते. यावर उपाय म्हणून ऑप्ट, एनव्हिडिया, 'एल4टी-पॅकेजेस' या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची एक रिकामी फाइल आधी बनवतात. टिंबाने सुरू होणारं ते लांबलचक नाव 'एनव्ही-एल4टी-डिसेबल-बूट-एफडब्ल्यू-अपडेट-इन-प्रीइन्स्टॉल' असं आहे. ती दिसली की स्क्रिप्ट बोर्डाचा भाग सोडून पुढे जाते. पण त्याहून बरा मार्ग म्हणजे एल4टीची तयार मूळ इमेज घेणं, तुमच्या आर क्रमांकाची.

जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डाच्या पिना हाताळणाऱ्या, पायथन लायब्ररीला हीच झाकलेली डिव्हाइस ट्री नडते. जेटसनच्या लायब्ररीत बोर्डाचं नाव एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देण्याची सोय आहे, ती वापरा. त्यासाठी कंटेनरला 'प्रिव्हिलेज्ड', म्हणजे होस्टवर जवळपास सगळे अधिकार असलेला, करू नका.

एरर काय सांगते

'नो पबकी' म्हणजे सहीची की सापडली नाही. आधी कीच्या फाइलची परवानगी बघा, मग विस्तारनाम, मग साइन्ड-बायमधला पत्ता. खरोखर चुकीची की असण्याची पाळी क्वचितच येते.

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट' म्हणजे बोर्डाचं घड्याळ मागे आहे. रास्पबेरी पाय 4 पर्यंतच्या बोर्डांत घड्याळाची चिपच नाही, आणि पाय 5 मध्ये ती आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. होस्टची वेळ नेटवर्कवरून जुळू द्या, मग बिल्ड सुरू करा. कंटेनरमध्ये वेळ बदलायचा प्रयत्न व्यर्थ, घड्याळ कर्नलचं आहे.

याच्याच शेजारची एक फार फसवी एरर: होस्टची वेळ बरोबर, पण कंटेनरमध्ये 'डेट' विचारलं तर काहीतरी भलतंच उत्तर येतं, आणि एपीटी म्हणतं 'ॲट लीस्ट वन इनव्हॅलिड सिग्नेचर'. सही अवैध म्हटल्यावर माणूस कीच्या मागे लागतो. खरं कारण होस्टवर असतं. 32 बिटांच्या नव्या इमेज वेळ विचारायला 64 बिटांची नवी सिस्टम कॉल वापरतात, आणि होस्टवरची जुनी 'लिबसेककॉम्प' लायब्ररी ती अडवते. होस्टवर लिबसेककॉम्प 2.4.2 किंवा पुढची आणि डॉकर 19.03.9 किंवा पुढचा केला की अडचण नाहीशी होते.

'डझन्ट सपोर्ट आर्किटेक्चर' अशी सूचना आली तर तिसरी नोंद पुन्हा काढा. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आली तर इमेजच दुसऱ्या प्रोसेसरची आहे. उबुंटूच्या इमेजमध्ये मूळ यादीच सापडत नसेल तर कोणीतरी पत्ता बदललाय का बघा: एआरएमसाठी उबुंटूची पॅकेजं 'पोर्ट्स' या वेगळ्या सर्व्हरवर असतात, नेहमीच्या आर्काइव्हवर नाहीत.

पॅकेज बसलं, आता हार्डवेअर

लायब्ररी आत आली तरी उपकरण आत आलेलं नसतं. 'डॉकर रन'ला 'डिव्हाइस' पर्याय देऊन डेव्ह फोल्डरमधली नेमकी उपकरणं आत द्या. जेटसनवर 'रनटाइम' पर्यायापुढे एनव्हिडिया लिहा. कंटेनरमधला यूजर रूट नसेल तर 'ग्रुप-ॲड'ने व्हिडिओ किंवा रेंडर गट द्या. पण नावाने नको, होस्टवरच्या क्रमांकाने द्या. गटाचं नाव सारखं असूनही कंटेनरमध्ये त्याचा क्रमांक वेगळा असू शकतो, आणि कर्नल फक्त क्रमांक ओळखतो.

इमेजच्या टॅगमध्ये होस्टची व्हेंडर आवृत्ती लिहा, म्हणजे कोणती इमेज कोणत्या बोर्डासाठी हे नावातच राहील. त्याही पुढे एक पाऊल: बिल्ड करताना ती आवृत्ती एका छोट्या फाइलमध्ये इमेजच्या आत लिहून ठेवा, चालवताना होस्टची रिलीज फाइल फक्त वाचण्यासाठी आत जोडा, आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही ताडून बघा. जुळलं नाही तर प्रोग्राम सुरूच करू नका, स्वच्छ शब्दांत लॉगमध्ये लिहा आणि बाहेर पडा. माझा तो आठवडा या चार ओळींच्या स्क्रिप्टने वाचला असता, आणि आता ती माझ्या प्रत्येक इमेजमध्ये पहिली चालते.